भोंग्याच्या वेळेचा दवाखाना

सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी सहा ते नऊ, रविवारी फक्त सकाळी. बाळीवेशीपासून अशोक चौकापर्यंत सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या दवाखान्याची पाटी थोड्याफार फरकाने हेच सांगते. दवाखाना कधी उघडा असतो ते पाटीवर असते. कुणी किती वाजता यायचे, ते कुठेच नसते. माणसाने यायचे, कंपाउंडरला नाव सांगायचे, नंबर घ्यायचा आणि बाकावर बसायचे. ही रीत आता मागासलेली समजली जाते. मोबाइलवर वेळ ठरवून, ठरल्या मिनिटाला डॉक्टरसमोर बसणे हा सुधारलेल्या शहराचा मार्ग आणि नंबर लावून ताटकळणे ही शिस्त नसलेल्या गावाची सवय, असा समज सुशिक्षित घरांत पक्का झाला आहे. सोलापूरचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. ज्या शहरात आजारी माणसाची वेळ त्याच्या स्वतःच्या मालकीची नव्हती, त्या शहराने विचारपूर्वक घडवलेली ही व्यवस्था होती. तिचे दोष होते आणि ते पुढे येतीलच. पण ती कशातून घडली हे कळल्याशिवाय तिच्या जागी काय आणायचे, हे ठरवता येणार नाही.

दवाखान्यात जाऊन बसणे हीच मुळात फार जुनी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऐपतीच्या घरात उपचार घरी चालत. वैद्य किंवा हकीम घरी येई, नाडी पाही, पथ्य सांगे आणि मात्रा-चाटण देऊन जाई. बाकीच्यांसाठी सुईण, हाडवैद्य, देवऋषी आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईची जडीबुटी होती. पाश्चात्त्य पद्धतीचा डॉक्टर आला तोही आधी याच चालीने. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलला १८७८ साली ते नाव मिळाले. तिथून शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या लेखी प्रतिष्ठेची प्रॅक्टिस म्हणजे ‘व्हिजिट’. घरी बोलावणे येई, टांगा पाठवला जाई, चहा होई आणि निघताना फी हातावर ठेवली जाई. या व्यवहारात कुणाकडे जायचे आणि कुणाकडे नाही, हे डॉक्टर ठरवत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. मूळ हकिकत १९२९ साली ‘यंग इंडिया’त पत्ररूपाने आली होती. त्या शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी वस्तीबाहेर आणलेल्या रुग्णाला त्याने हात न लावता पाहिले, थर्मामीटर मधल्या माणसाच्या हातून दिला, आणि पुढे त्या बाईचा जीव गेला. ही घटना काठियावाडातली असली, तरी घरभेटीच्या पद्धतीत काय दडलेले होते ते तिच्यातून उघड दिसते. व्हिजिटला नकार देणे सोपे असते, कारण तो नकार चार लोकांसमोर द्यावा लागत नाही. दहा जण बाकावर बसलेले असताना अकराव्याचा नंबर पुकारायचा नाही, हे त्या मानाने कठीण जाते. जातीचा विटाळ मानणारा डॉक्टर दवाखान्यातही विटाळ मानू शकत होता. मात्र तिथे ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करावे लागे.

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे महाराष्ट्रातल्या अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक. सार्वजनिक आरोग्याचा विचार इथे कागदोपत्री लवकर सुरू झाला. पण सरकारी दवाखान्याशी लोकांचे नाते प्रेमाचे नव्हते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या शहरांनी घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या आणि जाळलेले सामान पाहिले. सरकारी इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती त्या वर्षांत लोकांच्या मनात खोल रुजली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने या इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे नेली. त्या वेळी इस्पितळांतल्या खाटा कुठेच पुऱ्या पडल्या नाहीत. ज्याला आपण आज ‘आमचे डॉक्टर’ म्हणतो, तो पेठेतला ओळखीचा खासगी डॉक्टर या दोन अनुभवांच्या मधल्या काळात मोठा झाला. १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली आणि १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांनाही नोंदवहीत जागा मिळाली. त्यामुळे पाटीवर पदवी आणि नोंदणी लिहून दुकानवजा जागेत बसणारा वैद्यकीय व्यावसायिक हे शहराचे नेहमीचे दृश्य झाले. स्त्रियांसाठी वेगळी वाट लागत होती. १८८५ साली स्थापन झालेल्या डफरीन निधीचा हेतूच स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळवून देणे हा होता. सोलापुरातल्या प्रसूतिगृहाला आणि त्याच्या शेजारच्या चौकाला डफरीनचे नाव आजही चिकटलेले आहे. बायकांनी पुरुषांच्या बाकावर बसून नंबराची वाट पाहावी, हे त्या काळी कुणालाच चालण्यासारखे नव्हते. पुढे दवाखान्यांनी वेगळा बाक, पडदा किंवा आतली खोली अशी सोय केली आणि हळूहळू ती अडचण मिटवली.

आता गिरण्यांकडे यायला हवे, कारण सोलापूरची वेळ गिरण्यांनी ठरवली. मुरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे गावाच्या तोंडी असलेली जुनी गिरणी, १८७७ च्या सुमारास चालू झाली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. १८८१ साली साठ हजारांच्या आसपास असलेले गाव १९२१ च्या जनगणनेत लाखापुढे गेले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कन्नड बोलणारी कुटुंबे आली, मराठवाड्यातून आणि दुष्काळी तालुक्यांतून शेतमजूर आले. या माणसांच्या दिवसाचा हिशेब कायद्याच्या पुस्तकातच मांडलेला आहे. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांच्या कामाला रोज अकरा तासांची मर्यादा घातली आणि आठवड्याची सुट्टी दिली. पुरुषांच्या तासांना मर्यादा नव्हतीच. ती १९११ साली कापड गिरण्यांपुरती आली, आणि ती होती बारा तास. १९२२ साली दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास झाले, १९३४ साली दहा आणि चोपन्न, १९४६ साली नऊ आणि अठ्ठेचाळीस. या आकड्यांत मधली सुट्टी आणि घरापासून गिरणीपर्यंतची पायपीट धरलेली नाही. ती धरली तर १९२२ च्या कायद्याखालचा कामगार दिवसाचे किमान तेरा तास गिरणीचा असे. पहाटेच्या भोंग्याला घर सोडायचे आणि दिवेलागणीला परतायचे. अशा माणसाला सकाळी अकराची वेळ देणे म्हणजे एक दिवसाची मजुरी सोड असे सांगणे होते. एखाद्या दिवसाचा खाडा झाला तर पगार कापला जाई, आणि खाडे वाढले की जागेवर बदली कामगार बसे.

म्हणून दवाखाना भोंग्याच्या दोन्ही बाजूंना उघडा राहू लागला. रात्री नऊपर्यंत चालणारा बाक गिरणीतून सुटलेल्या माणसासाठी होता; सकाळचा बाक त्याच्या घरच्या माणसांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, मुलांसाठी आणि रात्रपाळी करून आलेल्यांसाठी. मी हा निष्कर्ष कामाच्या तासांवरून काढतो आहे, आणि त्याला दवाखान्याच्या आतल्या व्यवस्थेचा आधार आहे. डॉक्टर तपासण्याची फी वेगळी घेत नसे. ती औषधाच्या पैशात मिळवलेली असे. त्यामुळे ‘नुसते दाखवायला’ येण्याचा संकोच उरत नसे आणि हातात औषध पडल्याशिवाय पैसे गेले असेही वाटत नसे. मिक्श्चरसाठी बाटली घरून आणायची. कंपाउंडर तिच्यावर कागदाची पट्टी डकवायचा आणि तिच्या कडेला खाचा पाडायचा, एक खाच म्हणजे एक डोस. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांच्या गावात ही खाच सगळ्यांना वाचता येत होती. नंबरही तसाच, अक्षर न येणाऱ्यालाही कळणारा. आपल्या पुढे कोण आहे आणि मागे कोण आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरे. तान्हे मूल फणफणलेले असेल, कुणाला फिट आली असेल, तर बाकावरचे लोकच ‘आधी त्यांना जाऊ द्या’ म्हणत. तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढे, इंडीकडून आलेल्याला शेवटची एसटी गाठायची असेल, तर त्यालाही पुढे सोडले जाई. कंपाउंडर हा या साऱ्याचा कारभारी. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचे काम पुढे नोंदणीकृत फार्मासिस्टकडे नेले, तेव्हा त्याच्या हातातली बाटली सुटली. रांग सांभाळण्याचे त्याचे काम मात्र कुणी काढून घेतले नाही, आणि माझ्या मते तेच त्याचे अधिक अवघड काम होते.

वेळ ठरवून डॉक्टरकडे जाणे ही साहेबाची मुरलेली परंपरा, असे जे धरून चालतात त्यांनी साहेबाच्याच देशाकडे पाहावे. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा तिथल्या बहुतेक साध्या डॉक्टरांकडे लोक नंबरानेच बसत होते. अपॉइंटमेंटची पद्धत तिथे साठीच्या दशकात पसरली. त्या आधी, १९५२ साली, नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या रांगांचा गणिती अभ्यास प्रसिद्ध केला. आरंभालाच दोन रुग्ण हजर असावेत आणि पुढचे रुग्ण तपासणीच्या सरासरी वेळेइतक्या अंतराने एकेक बोलवावेत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातून रुग्णांचा खोळंबा खूप कमी होत होता, तरीही डॉक्टर फारसा रिकामा बसत नव्हता. हे गणित बरोबर आहे, पण त्याची एक अट आहे: रुग्ण ठरल्या वेळी पोचला पाहिजे. लंडनच्या पगारदार कारकुनाला दुपारी तीन वाजता तासाभराची रजा मिळत असेल तर अट पुरी होते. साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे तसे नसते. धागा तुटला, पाळी लांबली, जॉबरने, म्हणजे मुकादमाने, थांबवले, की ठरलेली वेळ निघून गेली. अपॉइंटमेंटमध्ये उशीर झाला तर संधीच जाते. नंबरात उशीर झाला तर माणूस चार जण मागे जातो, पण त्याच रात्री औषध घेऊन घरी जातो. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या ताब्यात आहे त्याच्यासाठी दुसरा तोटा पहिल्यापेक्षा कितीतरी हलका असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सकाळ-संध्याकाळ दवाखाना आणि नंबराची पद्धत महाराष्ट्रात सगळीकडे आहे, जिथे गिरणीची चिमणी कधी दिसली नाही अशा गावांतही आहे. मग सोलापूरच्या गिरण्यांना तिचे श्रेय कशाला? शिवाय मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या गावात दुपारी कोण बाहेर पडणार? उन्हाचा मुद्दा खरा आहे. पण ऊन दुपारची सुट्टी समजावून देते, रात्री नऊपर्यंतचा बाक समजावून देत नाही. आणि इतर गावांकडे पाहिले तर माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट ते पसरते. जिल्ह्याचीच उदाहरणे घ्या. पंढरपुरातला वैद्यकीय धंदा वारीच्या पंचांगाने चालत आला. आषाढी-कार्तिकीला लाखो माणसे चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतात, तेव्हा तिथे कुणाला कसली वेळ देणार? बार्शी हे व्यापाराचे गाव, तिथल्या दवाखान्यांची गर्दी आडत बाजाराच्या चढ-उताराने हलणार. जिल्ह्याबाहेरच्या मिरजेचे उदाहरण तर फार बोलके आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन इस्पितळ उभे केले आणि त्याचा लौकिक दूरवर गेला. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी धावू लागली. १९०६ साली पंढरपूरला पोचली आणि १९२७ साली मिरजेला. त्यानंतर सोलापूर जिल्ह्यातून शस्त्रक्रियेसाठी निघालेल्या माणसाची वेळ आगगाडी कधी पोचते यावर ठरे; मिरजेला उतरल्यावर तो इस्पितळाच्या आवारात बिऱ्हाड करी आणि आपली पाळी येईपर्यंत राही. प्रत्येक गावाचा दवाखाना तिथल्या माणसांच्या वेळेप्रमाणे घडतो. सोलापुरात ती वेळ गिरणीने दिलेली होती, म्हणून ती इतकी नेमकी, इतकी रोजची आणि इतक्या माणसांची एकसारखी होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. नंबरात माणसाचे तास जातात. तेरा तास राबून आलेल्या माणसाने आणखी दोन तास लाकडी बाकावर बसायचे, याला न्याय कसा म्हणायचा? आणि ‘आत ओळख’ असलेला बाजूच्या दाराने जातो, हेही कुणाला ठाऊक नाही? दोन्ही खरे आहे. या पद्धतीत थांबण्याचा सारा भार रुग्णावर पडतो आणि डॉक्टरचे एक मिनिटही वाया जात नाही. घराघरांनी यावर आपले उपाय शोधले. नंबर लावायला आधी पोराला पाठवायचे, शेजारणीला सांगून ठेवायचे, ‘किती नंबर झाले’ हे अधूनमधून विचारून यायचे. म्हणजे थांबण्याचा भार आजारी माणसावरून कुटुंबावर आणि शेजारावर वाटला गेला. तो नाहीसा झाला नाही. ज्याला कुटुंब नाही, जो एकटा खोलीवर राहतो, त्याला ही वाटणीही मिळाली नाही. वशिल्याबद्दल मात्र एक गोष्ट मांडायला हवी. नंबराच्या रांगेत वशिला चालला की तो दिसतो. बाकावरचे वीस जण कुरकुर करतात, कंपाउंडर ओशाळतो, डॉक्टरला कधीतरी खुलासा द्यावा लागतो. फोनवर वेळ देताना कुणाला आजची दिली आणि कुणाला पुढच्या आठवड्याची, हे फक्त फोन घेणाऱ्याला माहीत असते. ज्या व्यवस्थेतला अन्याय सगळ्यांना दिसतो, तिला वठणीवर आणता येते. निदान तिच्याशी भांडता तरी येते.

काहींना तर बाकापर्यंत येण्याचेच स्वातंत्र्य नव्हते. ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून शिक्का मारलेल्या लोकांची तारेच्या कुंपणातली वसाहत इंग्रज सरकारने सोलापुरात केली. तिथली माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीने बांधलेली असत. त्यांना ठरलेल्या हद्दीबाहेर जायला परवानगी लागे. आजारपणातही आधी अधिकाऱ्याची मर्जी आणि मग डॉक्टर. ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, आणि ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या वस्तीच्या नावात त्याची आठवण राहिली. गिरणी कामगाराच्या वेळेवर गिरणीची सत्ता होती असे मी म्हणतो, तेव्हा या माणसांच्या वेळेवर गिरणीची आणि सरकारची अशी दुहेरी सत्ता होती, हे विसरता कामा नये.

स्वातंत्र्यानंतर आजारपणाच्या वेळेला पहिल्यांदा किंमत मिळाली ती १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने. योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, १९५४ साली मुंबईत आली. पुढे ती सोलापुरात पोचली आणि होटगी रस्त्यावर तिचे रुग्णालय झाले. तिची खरी क्रांती मोफत औषधात नव्हती. आजारी रजेचे पैसे मिळू लागले, ही ती क्रांती. आता विमा डॉक्टरचा दाखला म्हणजे मजुरीचा एक भाग झाला. कामगार दवाखान्यात जाण्यासाठी पहिल्यांदाच दिवसाउजेडी, कामाच्या तासांत, पगार पूर्ण न गमावता बाहेर पडू शकत होता. बाकावरच्या संभाषणात ‘सर्टिफिकेट’ हा शब्द औषधाइतकाच महत्त्वाचा झाला, आणि डॉक्टर-रुग्ण नात्यात संशय शिरला तोही तिथूनच: हा खरा आजारी की रजेसाठी आला? पण ही व्यवस्था रुजते न रुजते तोच तिच्या पायाखालची जमीन हलू लागली होती. १९४९ साली जुनी गिरणी मालकांनी बंद केली. सरकारने १९५० साली खास कायदा करून तिचा कारभार हाती घेतला, आणि त्या कायद्यावरून चाललेले खटले आजही राज्यघटनेच्या अभ्यासात शिकवले जातात. साठच्या दशकात जुनी गिरणी कायमची थांबली. पुढे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजीही गेल्या. १९६३ साली वैशंपायन यांच्या नावाने ओळखले जाणारे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. म्हणजे शहरात उपचाराची साधने वाढत होती, त्याच काळात उपचारासाठी पगारी वेळ देणारी नोकरी आटत होती.

गिरण्यांच्या जागी यंत्रमाग आणि विडी आली. यंत्रमागाचे कारखाने लहान-लहान तुकड्यांत विभागलेले. कागदावर कामगारांची संख्या कायद्याच्या उंबरठ्याखाली ठेवली की विमा लागू होत नाही. पाळी पुन्हा बारा तासांवर गेली. १९४६ साली मिळवलेले तास चाळीस-पन्नास वर्षांत गळून पडले, आणि याची हळहळ या शहराने जेवढी करायला हवी होती तेवढी केली नाही. विडी वळणाऱ्या बाया तर घरीच काम करतात. त्यांची वेळ घड्याळाने मोजली जात नाही; ती हजार विड्यांच्या दराने मोजली जाते. पान भिजवायचे, कापायचे, वळायचे आणि ठरल्या वेळी कारखान्यात विड्या देऊन नवे पान-तंबाखू घ्यायचे. या बाईला वरवर पाहता हवी तेव्हा सवड आहे, पण दवाखान्यात घालवलेला प्रत्येक तास सुपातल्या विड्या कमी करतो. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी आला, त्यातून त्यांचे दवाखाने निघाले, ओळखपत्रे झाली. पण त्या दवाखान्यांच्या वेळा कार्यालयीन राहिल्या. त्यामुळे संध्याकाळी विड्या देऊन झाल्यावर पेठेतल्या डॉक्टरचा बाक हाच तिचा खरा आधार उरला. गिरणी गेली तरी गिरणीच्या वेळेचा दवाखाना टिकला तो यामुळे. जुन्या सवयीने टिकला असे म्हणणाऱ्यांनी साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या पलीकडे रात्री आठ वाजता बाकावर कोण बसलेले असते, याचा विचार करावा.

आजची पद्धत दुहेरी आहे. तज्ज्ञ डॉक्टरांकडे वेळ ठरवून जायचे, साध्या डॉक्टरांकडे नंबर लावून. सरकारी रुग्णालयात केसपेपरची खिडकी सकाळी उघडते, आणि तिथे पोचणे म्हणजे दिवस मोडणे. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजनेचा पहिला टप्पा आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत सोलापूर होते; आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. या योजनेने शस्त्रक्रियेचा खर्च उचलला, ही मोठी गोष्ट झाली. पण कागदपत्रे, शिधापत्रिका, मंजुरी यांसाठी योजनेच्या आरोग्यमित्राकडे घालाव्या लागणाऱ्या खेपांची मजुरी कुणी मोजली नाही. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे नियम आले. पुढच्याच महिन्यात पाच्छा पेठेत करोनाचा पहिला रुग्ण नोंदला गेला आणि विडी, माग, बाक सगळेच थांबले. त्या महिन्यांत फोनवर डॉक्टर ज्यांना मिळाला त्यांच्याकडे स्वतःचा फोन, स्वतःची खोली आणि बोलण्याइतका निवांत वेळ होता. एका खोलीत माग किंवा सूप मांडून बसलेल्या घरात यातले काहीच नसते. तरीही अपॉइंटमेंटला माझा विरोध नाही. रक्तदाब, मधुमेह, बाळंतपणाच्या तपासण्या अशा ठरल्या अंतराने येणाऱ्या कामांसाठी ती नंबरापेक्षा नक्कीच चांगली आहे, आणि गरोदर बाईला तीन तास बाकावर बसवण्याचे समर्थन कुठल्याही इतिहासाने होत नाही. माझा विरोध आहे तो नंबराची खिडकी बंद करून तिच्या जागी केवळ मोबाइल ठेवण्याला.

२००६ साली शहराबाहेर कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार विडी कामगार बायकांची घरे झाली. भाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांतून त्या स्वतःच्या घरात गेल्या, आणि सोलापूरच्या कामगार चळवळीने मिळवलेले हे फार मोठे यश आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याच भागात रे नगर या वसाहतीतली पंधरा हजार घरे दिली गेली. त्यामुळे पेठेतला डॉक्टर आणि त्याचा रुग्ण यांच्यामध्ये पहिल्यांदाच कित्येक किलोमीटर आले आहेत. संध्याकाळी विड्या देऊन शहरातल्या बाकावर नंबर लावायचा, तर परतीची बस आहे का हे आधी पाहावे लागते. तिथल्या सरकारी आणि शहरातल्या महापालिकेच्या दवाखान्यांच्या वेळा ठरवणाऱ्यांनी कार्यालयाचे घड्याळ बाजूला ठेवून विड्या कधी दिल्या जातात, मागाची पाळी कधी सुटते आणि शेवटची बस कधी निघते, हे आधी विचारावे. शंभर वर्षांपूर्वी भोंगा ऐकून संध्याकाळी दार उघडणाऱ्या पेठेतल्या डॉक्टरला ते कुणी सांगावे लागले नव्हते.